घरच्या शाळेची हिवाळी सुट्टी

मी पाचवीनंतर शाळेत गेले नाही, घरीच शिकले आणि दहावीची परीक्षा बाहेरून दिली, हे कळल्यावर महाविद्यालयातील मैत्रिणी एक प्रश्न हमखास विचारतात. तो अभ्यासाचा नसतो. गणित कोण शिकवायचे, प्रयोग कुठे करायचीस, असे क्वचितच कोणी विचारते. सर्वांना कुतूहल असते ते निराळ्याच गोष्टीचे : "मग तुला सुट्टी कधी असायची?" प्रश्न विनोदी वाटला तरी त्यात तथ्य आहे. ज्याला शाळा नाही त्याला सुट्टी कसली? आणि सुट्टी नसेल तर डिसेंबर-जानेवारीचे ते दिवस आम्ही कसे घालवत होतो? या अंकाच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले.

आधी सुट्टीविषयी. आपल्या शाळांना तीन मोठ्या सुट्ट्या मिळतात. दिवाळीची, नाताळची आणि मे महिन्याची. यांपैकी नाताळची सुट्टी इंग्रजी अमदानीबरोबर आली. न्यायालयांपासून शाळांपर्यंत तिची वहिवाट पडली आणि राज्य गेले तरी वहिवाट राहिली. गिरगावात खोताच्या वाडीत घराघरावर चांदण्या लागतात, गोठ्याचे देखावे मांडले जातात, तिथे त्या सुट्टीला घरचा अर्थ आहे. लालबाग-परळच्या बहुतेक मुलांना मात्र ती नुसती सात-आठ दिवसांची मोकळीक असते. गंमत अशी की, या सुट्टीच्या तोंडावरच वर्षातील एक खरीखुरी घटना घडून जाते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते. २१ किंवा २२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेकडचा प्रवास संपवून उत्तरेकडे वळतो. ही सुट्टी कोणत्याही सरकारने दिलेली नाही. आमच्या घरच्या शाळेचे हिवाळी सत्र या दिवसाभोवती आखलेले असे.

परंतु त्याआधी 'घरची शाळा' म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. मूल शाळेत न घालता आईवडिलांनी त्याच्या शिक्षणाची जबाबदारी स्वतः घेणे, एवढाच तिचा अर्थ. कल्पना अगदी नवी नाही. इव्हान इलिच यांचे शाळामुक्त समाजाविषयीचे गाजलेले पुस्तक १९७१ साली निघाले आणि अमेरिकेत जॉन होल्ट यांनी घरी शिकणाऱ्या कुटुंबांसाठी १९७७ साली एक नियतकालिकच सुरू केले. आपल्याकडे शाळेच्या चार भिंतींबाहेर शिक्षण नेण्याचा विचार त्याहून जुना आहे. महात्मा गांधींनी नयी तालीमची कल्पना १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडली. ताराबाई मोडकांनी १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणालाच शाळा केले. मात्र ही मंडळी शाळा बदलू पाहत होती, सोडू पाहत नव्हती, हा भेद लक्षात ठेवला पाहिजे.

कायद्याची स्थिती थोडी धूसर आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देण्याची सक्ती त्यात शासनावर आहे. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे कलम १० मध्ये म्हटले आहे, पण ते न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शाळेला त्यात मान्यता नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. परीक्षेच्या वाटा मात्र खुल्या आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था १९८९ पासून आहे, आणि आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर गिरणगावातल्या घराघरात ठाऊक आहे. हा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसण्यासाठी पाचवी उत्तीर्ण असावे लागते. माझी पाचवी झालेली होती, त्यामुळे ती अट अडली नाही. घरी शिकून पुढे काय होते, असे विचारणाऱ्यांना दादरच्या एका शाळेतून सातवीत बाहेर पडलेल्या मालविका जोशीचे नाव सांगता येते. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तिला प्रवेश मिळाला. पण हे उदाहरण मी जपूनच देते. असाधारण बुद्धीच्या एका मुलीवरून साधारण मुलांचा हिशेब मांडता येत नाही. आम्ही साधारणच होतो.

आमच्या घरी हा निर्णय २०१७ च्या उन्हाळ्यात झाला. धाकटा भाऊ तिसरीत होता. त्याला अक्षरे उलटसुलट दिसत, वाचताना ओळ निसटे आणि शाळेत त्याला 'ढ' ठरवून मोकळे झाले होते. आईने नोकरी सोडली. भाऊ घरी राहणार म्हटल्यावर मीही हट्ट धरला. आईबाबांनी पुष्कळ विचार करून तो मानला. याला विरोध केला तो एकट्या आजोबांनी, आणि त्यांच्या विरोधामागचे कारण समजून घेतल्याशिवाय आमच्या हिवाळ्याची हकीगत पुरी होणार नाही.

आजोबा गिरणी कामगार. स्वतः दिवसपाळी करून रात्रशाळेत सातवीपर्यंत शिकलेले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. आमचे मोठे काका त्या वर्षी सातवीत होते. त्यांची शाळा सुटली ती सुटलीच. आमच्या चाळीत त्या दोन वर्षांत अशी कितीतरी मुले शाळेतून निघून चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर, छापखान्यात गेली. म्हणून 'मूल शाळेत जात नाही' या वाक्याचा आजोबांच्या लेखी एकच अर्थ होता. ते म्हणाले, "पोरं घरी बसतात ती चूल विझली म्हणजे. तुमची चूल पेटती आहे ना? मग?" या प्रश्नाला आईजवळ उत्तर नव्हते. पहिले सहा महिने त्यांनी आमच्या अभ्यासाकडे पाठ फिरवली होती. चाळीतही 'पोरीला घरी बसवली' अशी कुजबुज होतीच. त्या शब्दांत मुलींच्या शिक्षणाचा सगळा इतिहास दडलेला असल्यामुळे ते शब्द आईला फार लागत.

अशा वातावरणात आमचा पहिला हिवाळा आला. आईने डिसेंबरच्या आरंभी सांगितले की, या महिन्यात पाठ्यपुस्तक बंद आणि सूर्य हा एकच विषय. साहित्य म्हणजे एक मीटर लांबीची सरळ काठी, ओळंबा, खडू, दोरी आणि चाळीची गच्ची.

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत या काठीला शंकू म्हणतात. सपाट जागी ती ओळंब्यात उभी करायची. बुंध्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचे. सकाळी सावली लांब असते, ती आखडत येऊन तिचे टोक वर्तुळाला शिवते ती वेळ टिपायची व तिथे खूण करायची. दुपारनंतर सावली पुन्हा वाढते आणि टोक वर्तुळाबाहेर पडते, तीही वेळ व खूण घ्यायची. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम दिशा दाखवते आणि दोन वेळांचा मध्य म्हणजे खरा मध्यान्ह. आमच्या पहिल्या नोंदीत टोक सकाळी १० वाजून ५० मिनिटांनी आत आले आणि दुपारी २ वाजून २४ मिनिटांनी बाहेर गेले. मध्य आला १२ वाजून ३७ मिनिटे.

भावाने लगेच विचारले, "बारा वाजता का नाही?"

या एका प्रश्नाने आमचा आठवडा घेतला. उत्तर असे. आपले घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे, म्हणजे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचे आहे. मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. तेव्हा मुंबईचा मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी ३९ मिनिटांनी येतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य या सरासरीच्या दोनेक मिनिटे पुढे असतो, म्हणून १२.३७. हे ३९ मिनिटांचे अंतर पूर्वी मुंबईत प्रत्यक्ष वापरात होते. 'मुंबई टाइम' ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होता. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबईने तिला कडाडून विरोध केला आणि शहरात १९५५ पर्यंत मुंबई टाइम टिकून होता. विरोध करणाऱ्यांत गिरणी कामगारही होते. घड्याळ ३९ मिनिटे पुढे सरले आणि पाळीचा आकडा तोच राहिला, तर कामगाराने सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी उठायचे, हे गणित त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

हे सर्व आई आम्हाला गॅलरीत सांगत होती आणि आजोबा नेहमीप्रमाणे पाठमोरे बसून होते. ते एकदम वळले. म्हणाले, "माझा बाप 'मुंबई टाइम' म्हणायचा. घरात त्यावरून भांडणं व्हायची." मग सात वाजताच्या पाळीविषयी त्यांनी सांगायला सुरुवात केली. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, आणि जानेवारीत गिरणीच्या फाटकातून शिरताना बाहेर काळोख असायचा तो. भावाने वर्तमानपत्रातून सूर्योदयाच्या वेळा उतरवून घेतल्या होत्या. जानेवारीच्या मध्यास मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे आजोबांची आठवण अचूक होती : सातच्या पाळीला सूर्य उगवलेला नसे. मुंबई टाइमप्रमाणे तोच सूर्योदय ६ वाजून ३६ मिनिटांचा झाला असता. आजोबांनी तो आकडा वहीत पुन्हा पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून काठीचा ओळंबा तेच धरू लागले. माणसाला शिकवण्याजोगे काही आपल्याजवळ आहे असे वाटले की, तो शाळेच्या व्याख्येविषयी फारसा वाद घालीत नाही.

वाचकांपैकी बहुतेकांची समजूत अशी असेल की, सर्वांत लहान दिवशीच सूर्य सर्वांत उशिरा उगवतो आणि सर्वांत लवकर मावळतो. आमचीही होती. नोंदी ठेवल्यावर निराळेच दिसले. मुंबईत सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांत, सहाच्या आसपास होतो. सर्वांत उशिरा सूर्योदय होतो तो मात्र जानेवारीच्या मध्यानंतर. सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या दरम्यान पडतो आणि तो सुमारे अकरा तासांचा असतो. जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या जवळपास जातो. याचे कारण असे की, जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते व तिची गती वाढलेली असते. त्यात आसाच्या कलाची भर पडते आणि या दिवसांत मध्यान्हच रोज सुमारे अर्धा मिनिट पुढे सरकत जातो. त्याच्याबरोबर सूर्योदय व सूर्यास्त दोन्ही उशिराकडे ओढले जातात. म्हणून २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होऊ लागला तरी सकाळचा अंधार आणखी तीन-चार आठवडे वाढतच राहतो. पहाटे उठून दूध टाकणाऱ्या मुलाला हे पंचांग न पाहता ठाऊक असते.

दक्षिणायन संपण्याच्या दिवशी मध्यान्हीची सावली आम्ही मोजली. एक मीटरच्या काठीची सावली ९१ सेंटिमीटर भरली. पुढे मार्चच्या २१ तारखेस, दिवस-रात्र समान असताना, ती ३४ सेंटिमीटर झाली. मेच्या मध्यास काही क्षण ती नाहीशीच झाली. सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावरून जाण्याचे दिवस वर्षात दोन, १५ मे व २७ जुलै यांच्या सुमारास, पण दुसरा पावसाळी ढगांत हरवतो. या आकड्यांतून बरेच काही निघते. ९१ भागिले १००, या गुणोत्तराचा कोन सुमारे ४२.४ अंश. ३४ भागिले १०० चा कोन १९ अंश. हा दुसरा कोन म्हणजेच मुंबईचा अक्षांश. दोहोंची वजाबाकी साधारण २३.४ अंश, आणि तो आहे पृथ्वीच्या आसाचा कल. भूगोलाच्या पुस्तकात साडेतेवीस हा आकडा मी चौथी-पाचवीत पाठ केला होता. तो लालबागच्या गच्चीवर एका काठीतून बाहेर पडलेला पाहिला, तेव्हा पाठांतर आणि ज्ञान यांतला फरक मला कळला. भावाला अक्षरे त्रास देत असत. सावलीने त्याला कधीच दिला नाही.

यानंतर ओघानेच संक्रांतीचा प्रश्न आला. उत्तरायण २२ डिसेंबरला सुरू होते तर आपण तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला का देतो? येथे दोन निराळ्या मोजण्या आहेत. सूर्याचे उत्तरेकडे वळणे ऋतूंशी बांधलेले आहे. मकर राशीत त्याचा प्रवेश ताऱ्यांशी बांधलेला आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डुलत असल्याने या दोन मोजण्या एकमेकींपासून सुमारे ७२ वर्षांत एक दिवस या वेगाने दूर जातात. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी त्या एकत्र होत्या. तेव्हा मकरसंक्रांत व उत्तरायण एकाच दिवशी येत. आज अंतर चोवीस दिवसांचे झाले आहे.

हा विषय मराठी माणसांनी फार पूर्वी हाताळलेला आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ साली प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या 'ओरायन' या ग्रंथात याच अयनचलनाच्या आधारे वेदांचा काळ ठरवण्याचा प्रयत्न केला. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यात पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर हा आहे, म्हणजे महिना थेट उत्तरायणाला बांधला आहे. सरकारी कागदांवर ती तारीख असते. चाळीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण पाहतो ती संक्रांत मात्र ताऱ्यांचीच.

सरकण्याचा हा वेग खरा आहे की नाही, हे भावाने इतिहासातून तपासले. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता. आज ती १५ तारखेवर जाऊ लागली आहे, तेव्हा हिशेब जुळला. मग त्याने पानिपत घेतले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांवर ऐन संक्रांतीला संक्रांत कोसळली, असे आपण नेहमी ऐकतो. गणित केले तर त्या वर्षीची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. लढाई संक्रांतीनंतर झाली होती. बारा वर्षांच्या मुलाने हे काढले याचे आईला कौतुक वाटले. मला अधिक महत्त्वाचे वाटले ते हे की, सर्वांच्या तोंडी असलेले वाक्यही मोजून पाहता येते.

केवळ गच्चीवर सगळा हिवाळा गेला असे समजू नये. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून होणारा उल्कावर्षाव पाहायचा तर शहराचे दिवे मागे टाकावे लागतात. त्यासाठी खगोल मंडळाची मंडळी वांगणीला जातात, तसे आम्हीही एकदा गेलो. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे, तिथे दुपार काढली. ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात आणि शिवाजी पार्कवर पुस्तकांची दुकाने लागतात. खिशात मोजके पैसे असलेली माणसे भाकरी सोडून पुस्तक विकत घेताना मी तिथे पाहिली. शिक्षणाचे मोल या विषयावर याहून मोठा पाठ नाही. शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू त्याच चिखलावरून जातो, त्यामुळे पूल आणि पक्षी हा वाद घरात रंगला व त्यावर मी माझा पहिला निबंध लिहिला. गिरगाव चौपाटीवर याच दिवसांत कुरव पक्ष्यांचे थवे येतात. ते उत्तरेकडून आलेले पाहुणे आहेत हे समजले, की थंडी ही आपल्याच पुरती गोष्ट नाही हेही समजते. इराणात याच सुमाराच्या सर्वांत लांब रात्री 'यल्दा' साजरी करून डाळिंबे खातात, हे आईने भोगीची भाजी निवडता निवडता सांगितले.

भोगीची भाजी हाही एक पाठच होता. पावटा, हरभरा, गाजर, वांगे, बोरे, ऊस, तीळ या यादीत त्या महिन्यात शेतातून येणारे जवळजवळ सर्व काही आहे. दादरच्या बाजारात फिरून आम्ही भाव टिपत असू आणि शेकड्याची गणिते त्यावरच करत असू. संक्रांतीच्या आधी आजी हलवा करायची. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची, खाली मंद आच, त्यावर साखरेचा पाक थेंबथेंब सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचे. पाकातले पाणी उडते, साखरेचा थर बसतो, पुन्हा थेंब, पुन्हा थर. अशा बैठका दोन-तीन दिवस चालतात तेव्हा कुठे काटा येतो. घाई करून पाक जास्त घातला की सगळे एकमेकांना चिकटते. थंड, कोरडी हवा याला लागतेच. स्फटिक कसे वाढतात, हे मी आधी आजीच्या बोटांत पाहिले आणि नंतर पुस्तकात वाचले.

एवढे वाचून कोणाला वाटेल की, मी घरच्या शाळेचा प्रचार करीत आहे. तसे नाही. तिची किंमत मी पाहिली आहे. आईची नोकरी गेली ती गेलीच. एका पगारात चार माणसे व आजी-आजोबा, आणि घरात एक शिकलेले माणूस दिवसभर मोकळे, ही सोय किती कुटुंबांना आहे? आमच्या काकांच्या घरी १९८२ साली घर होते, आईबाप होते, प्रेमही होते. तरी त्या घराची शाळा होऊ शकली नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे सगळ्या शाळा बंद झाल्या तेव्हा हेच पुन्हा दिसले. दहा बाय बाराच्या खोलीत एका मोबाइलवर तीन भावंडे शिकत होती. त्याला घरची शाळा म्हणणे ही थट्टा ठरेल. मला स्वतःलाही एका गोष्टीची उणीव भासली. माझ्या वर्गात माझ्याशी असहमत होणारे माझ्या वयाचे कोणी नव्हते. वादविवाद काय असतो, हे मला याच महाविद्यालयात कळले.

तरीही आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर मला आज देता येईल असे वाटते. मूल घरी राहिले म्हणून त्याचे शिक्षण थांबत नाही आणि शाळेत गेले म्हणून ते सुरू होतेच असेही नाही. मुलाला वेळ मिळतो का, प्रश्न विचारल्यावर कोणी थांबते का, आणि घरातल्या अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या माणसांच्या ज्ञानाला वहीत जागा आहे का, यावर सारे अवलंबून आहे. भोंग्याच्या वेळा सांगणारे आजोबा आणि काटा आणणारी आजी कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हती. शाळांनीही त्यांना बोलवायला हरकत नाही. भाऊ आता दहावी झाला. वाचताना त्याची ओळ अजून निसटते, मग तो पट्टी ठेवतो व पुढे जातो.

राहता राहिला सुट्टीचा प्रश्न. आम्हाला सुट्टी नव्हती हे खरे, कारण ती मागावी असे कधी वाटले नाही. आता मात्र मला तुमच्यासारखीच नाताळची सुट्टी मिळते आणि ती आवडतेही. येत्या २२ डिसेंबरला सकाळी साडेदहापासून मी महाविद्यालयाच्या गच्चीवर काठी, ओळंबा आणि खडू घेऊन असेन. प्राचार्यांची परवानगी काढली आहे. १२ वाजून ३७ मिनिटांनी सावली मोजायची आहे, आणि खुणा करायला निदान दोन माणसे लागतात. ज्या प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना सवड असेल त्यांनी यावे. कलाशाखेला हे वर्ज्य नाही.